सारांशलेखनाचे परीक्षण

वैचारिक लेखाचा सारांश तपासताना सामान्यतः दोन मापे लावली जातात : मूळ उताऱ्याच्या एकतृतीयांश लांबी आणि मुद्द्यांची गणती. दोन्ही सोयीची आहेत. परंतु त्यांनी आकलनाची परीक्षा होते काय, हा प्रश्न उरतोच.

वॉल्टर किंच व टेउन व्हान डाइक यांनी १९७८ मध्ये संक्षेपाच्या प्रक्रिया सांगितल्या : गौण तपशील गाळणे, अनेक विशेषांना एका सामान्य संज्ञेत सामावणे आणि विखुरलेल्या विधानांतून नवे व्यापक विधान रचणे. ॲन ब्राउन व जीन डे यांच्या १९८३ च्या अमेरिकेतील अभ्यासात गाळणे पाचवीच्या विद्यार्थ्यांनाही साधलेले दिसले. मुळात नसलेले आशयवाक्य रचणे मात्र फार उशिरा साधते. केवळ मुद्दे मोजणारा परीक्षक हा भेद करीत नाही. वाक्ये उतरवून मधले शब्द गाळणाऱ्यालाही तो पूर्ण गुण देऊ शकतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म होय. ‘पाऊस कमी पडल्याने पीक बहुधा बुडाले असावे’ याचे ‘पाऊस कमी पडल्यानेच पीक बुडाले’ असे रूप झाले, तर मुद्दा राहतो, लांबीही घटते. पण लेखकाचे अनुमान निर्णय बनते आणि संभाव्य कारण एकमेव ठरते. जोडून लिहिला जाणारा ‘च’ शब्दगणतीत येतही नाही.

म्हणून विद्यार्थ्याने स्वतः व्यापक विधान रचले आहे काय आणि मूळ विधानांची निश्चिती तेवढीच राखली आहे काय, या दोन गोष्टींना परीक्षकाने स्वतंत्र गुण ठेवावेत. लांबीचा विचार त्यानंतर करणे योग्य होईल.