दाट हाडं आणि झिजलेला गुडघा: एका गाजलेल्या पेपरबद्दल

पाळी गेल्यानंतरच्या बायकांच्या हाडांवर सिनॉप्सिस लिहायला बसलात, की एक वाक्य तुमच्या हातून लिहिलं जाणारच: ऑस्टिओपोरोसिस आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थरायटिस यांचं नातं उलटं आहे. आपल्या घरात दोन्हींना ‘हाडांची झीज’च म्हणतात, म्हणून आधी हे सुटं करू. पहिल्यात इस्ट्रोजेन घटल्यावर हाड भरून येण्यापेक्षा विरघळतं जास्त, घनता कमी होते. दुसऱ्यात सांध्यातली कूर्चा झिजते आणि कडेने उलट नवं हाड वाढतं.

या वाक्यासाठी झांग आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा फ्रेमिंगहॅमचा पेपर खूपदा दिला जातो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या या गावातल्या 473 बायकांचे गुडघ्याचे एक्स-रे साधारण 1983-85 मध्ये आणि पुन्हा 1992-93 मध्ये काढले. मधल्या काळात मांडीच्या हाडाच्या मानेची घनता मोजली. घनता मणक्यात मोजली नाही हे मला आवडलं, कारण या वयात मणक्याला फुटलेले काटे मोजणीत घुसतात आणि आकडा फुगवतात.

निकाल असा. सुरुवातीला गुडघे चांगले असलेल्यांपैकी सर्वांत कमी घनतेच्या चौथाईत 5.6 टक्के बायकांना नव्याने आजार झाला. बाकी तिन्ही चौथाईंत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या वर. पण ज्यांना आजार आधीच होता, त्यांच्यात चित्र फिरलं. तो बळावण्याचं प्रमाण सर्वांत कमी घनतेच्या गटात 34.4 टक्के, सर्वांत जास्त घनतेच्या गटात 19 टक्के. म्हणजे दाट हाड आजार आणतं, आणि एकदा आला की त्याला थोपवतं? इथे थांबा. बहुतेक जण थांबत नाहीत, दोन्ही ओळी कॉपी करून पुढे जातात.

समजा, जेआरएफ मिळालेल्यांचीच पाहणी केली आणि दिसलं की क्लास न लावलेले जास्त चिकाटीचे आहेत. क्लासमुळे चिकाटी जाते, असं म्हणाल का? नाही ना. क्लास नसताना पास व्हायला दुसरं काहीतरी जबरदस्त लागतं, आणि तुम्ही फक्त पास झालेलेच बघताय. गुडघ्याचंही तसंच असू शकतं. हाड विरळ असूनही जिला आजार झाला, तिच्याकडे दुसरं कारण बळकट असणार: जुनी दुखापत, पायाचा बाक, आनुवंशिकता. तेच कारण पुढे आजार वेगाने वाढवतं, आणि दोष विरळ हाडाच्या माथी जातो. आधीच आजारी असलेल्यांपुरतं बघितलं की ही फसगत आपोआप तयार होते. नमुना कितीही मोठा केला तरी ती जात नाही.

निष्कर्ष खोटा आहे असं मी म्हणत नाही. कूर्चेखालचं हाड भक्कम असेल तर ती टिकेल, हे शक्य आहेच. पण हा आराखडा ते सिद्ध करू शकत नाही. शिवाय एक्स-रे समोरून काढलेले, त्यात वाटीमागचा सांधा दिसत नाही. जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना ज्यांचं तिथेच दुखतं, त्या बायका मोजणीत ‘निरोगी’ निघाल्या असतील.

हे सगळं नुसतं पद्धतीचं रडगाणं नाही. ‘उलटं नातं’ वाचून कुणी म्हणतं, गुडघा झिजलाय म्हणजे हाडं मजबूत असणार, घनतेची तपासणी कशाला? आता गुडघा दुखणारी म्हातारी बाई कमी चालते, तोल जातो, पडते. घनता सरासरीपेक्षा जरा बरी असली तरी पडणारीचं हाड मोडायचं ते मोडतंच. आणि एकाच बाईला दोन्ही आजार असतात, हे कुठल्याही ऑर्थोपेडिक ओपीडीत दिसेल.

गंमत म्हणजे याच सापळ्यावर, गुडघ्याचा आजार बळावण्याची कारणं शोधताना काय चुकतं यावर, झांग यांनीच 2010 मध्ये सहकाऱ्यांबरोबर पेपर लिहिला. सिनॉप्सिसमध्ये 2000 चा देणार असाल तर हाही द्या, आणि ‘नव्याने होणं’ व ‘बळावणं’ ही दोन वाक्यं वेगळी लिहा. व्हायवात कुणीतरी तिथेच बोट ठेवतं.