दोन मांडव्या

मराठी माणूस बक्षिशी देताना हात आखडतो, पण तिला नावे देताना मात्र त्याने कधी काटकसर केलेली नाही. पोस्टमनला दिली की ती पोस्त, हमालाला दिली की चहापाणी, वाजंत्र्याला दिली की खुशाली, पहिलवानाला दिली की इनाम, आणि तमाशातल्या बाईला दिली की दौलतजादा. 'टिप' हे या घराण्यातले शेंडेफळ, हॉटेलातल्या बडीशेपेच्या बशीतून आलेले. माझा आक्षेप शब्दाला नाही. पैसे नक्की कशाबद्दल द्यायचे, एवढेच विचारायचे आहे. आणि हा प्रश्न मला पडला तो गोव्याला, कॅसिनोत.

आम्ही ओतूरचे. श्रावणी सोमवारी मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वराची यात्रा भरते. तांदळाच्या पिंडींचे दर्शन घ्यायचे आणि कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळायचे, हा आमचा क्रम. कुस्ती निकाली झाली की कोणीतरी खिशातून नोट काढतो आणि भोंग्यावरून त्याचे नाव साऱ्या यात्रेला ऐकू जाते. नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी, इथून हाकेच्या अंतरावर. दौलतजाद्याचा हिशेबही तसाच चोख: नोट पुढे करायची, बाईने नाव पुकारायचे, आवडीची लावणी पुन्हा ऐकायची. त्या पायी कित्येकांच्या जमिनी गेल्या, हे मी नाकारत नाही. आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकरांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले; म्हणजे उधळलेले पैसे कलावंताच्या घरी किती पोचत, तेही दिसलेच. पण समोर लावणी होती, हे तरी खरे ना?

पणजीच्या नदीचे नावही मांडवीच. तिच्यात सहा तरंगते कॅसिनो नांगर टाकून उभे आहेत. धक्क्यावरून होडीने जहाजावर जायचे. जहाज कुठेच जात नाही. प्रवासाला निघतात ते आपले पैसे. गोवेकरांना २०२० च्या फेब्रुवारीपासून तिथे खेळायला बंदी आहे. यजमान स्वतः ज्याला शिवत नाही, तो पदार्थ पाहुण्याला आग्रहाने वाढायचा, असा हा पाहुणचार. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे कागद नुसता पडू देणे आमच्या बँकेलाही जमलेले नाही.

आता प्रयोगाविषयी. नायक म्हणजे चाक. त्याला सदतीस घरे, शून्य ते छत्तीस. आपला आकडा आला तर पस्तीस पट मिळतात. बी.कॉम.च्या माणसाला इथे लगेच ठसका लागतो. घरे सदतीस, आणि आपल्या पैशासकट हाती येणार छत्तीस! शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे मालकाचे. आमची बँक बचत खात्यावर वर्षभरात जेवढे व्याज देते, जवळजवळ तेवढे हे चाक एका गिरकीत काढून घेते. कथानक म्हणून ते फारच सरळ आहे.

प्रवेशाच्या पावतीत काही चिपा मिळतात. त्या खेळायला चालतात, रोख करून मिळत नाहीत. बाकीच्या विकत घ्याव्या लागतात, आणि तिथे सरकार उभे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिपांच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. डाव सुरू व्हायच्या आधीच ही दौलतजादा. पुढे जिंकलात तर ३० टक्के आयकर, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. जिंकलात तर सरकार भागीदार, हरलात तर 'आपण कोण?'

आणि एवढे सगळे देऊन झाल्यावर जिंकणारा माणूस पत्ते वाटणाऱ्या पोराकडे एक चिप सरकवतो. पोरगा ती टेबलावर टकटकवतो, फटीच्या पेटीत टाकतो आणि 'थँक्यू सर' म्हणतो. त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. रात्रभर उभे राहून हसायचे, हे मला काउंटरवर बसूनही साधत नाही. पण तो गात नाही, नाचत नाही, कुस्ती मारत नाही. आपले पैसे मालकाकडे ओढून घेणे हे त्याचे नेमलेले काम, आणि ते नीट केल्याबद्दल आपण त्याला बक्षीस देतो. चोराला भाडे देऊन घरी पोचवावे तसे!

हे मी बरोबरच्या बागायतदार मित्राला सांगितले. २०२३ च्या टोमॅटोने त्याच्या गाठीशी चार पैसे बांधले होते. तो म्हणाला, "साहेब, कांदा लावतो तेव्हा मी डावच मांडतो की. हे चाक निदान अर्ध्या मिनिटात सांगतं. कांद्याला पाच महिने थांबावं लागतं."

यावर काय बोलणार? त्याच वर्षी १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. पुढे निम्म्यावर आलेले ते शुल्क २०२५ च्या १ एप्रिलला पुरते उठले आणि सप्टेंबरात कॅसिनोवर तोच ४० चा आकडा येऊन बसला. मोकळा झालेला आकडा वाया जाऊ द्यायचा नाही, ही सरकारी काटकसर असावी.

"पण मग पाचशेची चिप त्या पोराला कशाला दिली?" मी विचारले.

"सर म्हणाला ना मला," तो म्हणाला. "मार्केटात हमाली, तोलाई कापून पट्टी हातात देतात, तेव्हा कोण सर म्हणतं?"

माझी समीक्षा तिथेच अडली. श्रावणात हाच मित्र आखाड्याजवळ भेटला. एका कोवळ्या पहिलवानाला त्याने एकशे एक रुपये इनाम लावले. भोंग्यावाल्याने आडनाव चुकीचे पुकारले. मित्र तरातरा मंडपात शिरला, आणखी पन्नासाची नोट ठेवली आणि नाव दोनदा नीट पुकारून घेतले.