नावांच्या याद्या कानाने वाचताना

बाळांच्या नावांची पुस्तकं आणि संकेतस्थळं हा मराठीत अतिशय बारकाईने वाचला जाणारा, पण कुणीच परीक्षण न लिहिलेला वाङ्मयप्रकार असावा. सध्या मी तेच वाचतोय. मी वाईचा, बायको कानपूरची, मुलगी अजून नुसती ‘बाळ’. (जन्मनोंदणी नावाशिवाय होते, नाव १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. म्हणजे वाद लांबवायला कायद्याचीही साथ!)

माझा आक्षेप अर्थांवर नाही. या याद्या डोळ्यांनी केलेल्या आहेत, हा आहे. ‘प्रज्ञा : बुद्धी’ एवढं छापून यादी पुढे सरकते. वाईची आजी ‘प्रद्न्या’ म्हणणार, कानपूरची नानी ‘प्रग्या’. मग पासपोर्टवर डी की जी? संगणकात ज्ञ साठवला जातो तो ज, हलन्त आणि ञ असा. त्यात द नाही, ग तर नाहीच. प्राज्ञपाठशाळेच्या गावात हे बोलून दाखवणं मात्र सोपं नाही.

‘दोन्ही भाषांत चालतील अशी’ नावं वेगळी काढलेली असतात. तिथला निकष सरळ आहे : ळ नको, ज्ञ नको, ऋ नको, ‘चमचा’तला च नको. उरतात आर्या, रिया, कियारा. मीरा सोडली तर त्यातलं एकही कुणाच्या घरचं वाटत नाही. दोन भाषांची बेरीज करायला बसलेली यादी वजाबाकी करून उठते.

आईने सुचवलेलं नाव प्रत्येक यादीत आहे : कृष्णा. अर्थ, ‘एक नदी, द्रौपदी’. बरोबरच आहे. वाईत कृष्णा म्हणजे घाट, कृष्णाबाईचा उत्सव, ती बाईच. पण हिंदी बोलण्यात कृष्णालाही ‘कृष्णा’ म्हणतात, आणि रोमन लिपीत देव आणि नदी यांचं स्पेलिंग एकच. इथली मुलगी तिथे हजेरीपटावर मुलगा होते. शिवाय आपला ऋ ‘रु’, त्यांचा ‘रि’. यातलं काहीही यादी सांगत नाही, आणि निवडताना नेमकं हेच लागतं.

तरी माझं मत कृष्णालाच आहे. बायकोही जवळजवळ तयार आहे, तिची अट एकच : “मैं तो क्रिष्णा ही बुलाऊँगी.” आईला हे कळवलंय. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.