मोनेचा ‘आर्झांतयचा पूल’ : क्षण आणि बांधणी

दृक्प्रत्ययवादी चित्रकलेविषयी लिहिताना ‘क्षण’ हा शब्द इतक्या सहजपणे योजला जातो की, त्या क्षणाची बांधणी कशी झाली आहे हे पाहावयाचे राहूनच जाते. क्लोद मोने याचे ‘आर्झांतयचा पूल’ (१८७४) हे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील चित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

चित्रफलक लहान आहे. रुंदी सुमारे ८० सेंटिमीटर. सेन नदी, शिडे उतरवून उभ्या असलेल्या नावा, उजवीकडचा पूल आणि सर्वांवर पसरलेले ऊन. प्रथमदर्शनी सारे एका बैठकीत, जणू श्वास रोखून, टिपल्यासारखे वाटते. परंतु पाण्याकडे नीट पाहावे. प्रेक्षकाच्या अगदी जवळचे पाणी संथ, सलग रंगलेपांनी भरलेले आहे. पलीकडे, प्रतिबिंबांपाशी, तेच पाणी तुटक फटकाऱ्यांत विखुरते. वास्तविक जवळचे तपशील सुटे दिसावेत आणि दूरचे एकमेकांत मिसळावेत. येथे तो क्रम उलटला आहे. केवळ डोळ्यांना दिसले तेवढे उतरविणाऱ्याच्या हातून हे घडत नाही. सलग पाण्यावरून दृष्टी विनाअडथळा सरकते आणि पुलाशी येऊन थबकते; तेथे रंग दाट आहे, छटा एकमेकींना भिडलेल्या आहेत. चित्रातील सर्वांत जड वस्तूवरच प्रकाशाचा खेळ सर्वांत अधिक चालावा, ही योजना आहे, योगायोग नव्हे.

या पुलाला इतिहासही आहे. १८७०–७१ च्या फ्रान्स–प्रशिया युद्धात तो उद्ध्वस्त झाला होता. १८७१ च्या अखेरीस मोने आर्झांतयला राहावयास आला आणि १८७२ मध्ये त्याने हाच पूल लाकडी परांचीसह रंगविला. दोन वर्षांनी परांची गेली, ऊन आले. एवढ्यावरून या उन्हात युद्ध विसरण्याचा हेतू शोधणे मात्र धाडसाचे ठरेल. चित्र स्वतः तसा पुरावा देत नाही. तथापि ज्याने पुलाचा सांगाडा पाहिला व रंगविला, त्याला हे खांब पाण्यावरील नुसते रंगाचे ठिपके वाटले असतील, हे मानणेही कठीण आहे. १८७४ या एकाच वर्षात तो या पुलाकडे सात वेळा वळला.

दूरच्या काठावरील झाडी त्यामानाने उरकलेली वाटते. तेथे कुंचल्याला सांगण्यासारखे काही उरलेले नाही. तो पुन्हा खांबांकडे परततो.