मगर आणि सुसर : व्युत्पत्तिविचाराची एक चिकित्सा

बिबवेवाडीनजीकच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून परतलेला विद्यार्थी ‘मगर आणि सुसर यांत फरक काय?’ असे विचारतो, तेव्हा शब्दकोशांतील पर्यायवाचक नोंदी अपुऱ्या पडतात. प्रस्तुत टिपणात या दोन शब्दांच्या प्रचलित व्युत्पत्तींची चिकित्सा करावयाची आहे.

‘मगर’ हा संस्कृत ‘मकर’पासून आला, हे विधान सत्य असले तरी अपूर्ण आहे. महाराष्ट्री प्राकृतात स्वरमध्यस्थ ‘क’ सामान्यतः लोप पावतो. ‘मगर’मध्ये मात्र त्याचा ‘ग’ झालेला दिसतो आणि ही प्रवृत्ती अर्धमागधीची आहे. त्यामुळे हा शब्द मराठीत सरळ महाराष्ट्रीतून उतरला, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय संस्कृतातील पुल्लिंगी ‘मकर’ मराठीत ‘ती मगर’ झाला, तर हिंदीत पुल्लिंगीच राहिला.

‘सुसर’ची कथा अधिक उद्बोधक आहे. संस्कृत ‘शिशुमार’चा अर्थ अनेकदा गंगेतील डॉल्फिन असा दिला जातो व हिंदी ‘सूँस’ त्यास दुजोरा देतो. यावरून मराठीने अर्थविपर्यास केला, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. पालीतील सुंसुमार जातकात वानराला फसवू पाहणारा प्राणी मगरच आहे. पंचतंत्रात त्याच कथेत ‘मकर’ येतो. म्हणजे ‘सुसर’चा मराठी अर्थ जुन्या परंपरेस धरूनच आहे.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणेही धोक्याचे आहे. कन्नड ‘मोसळे’ आणि अरबी ‘तिम्साह’ यांत साम्य भासते. परंतु अरबी शब्दाचे मूळ प्राचीन इजिप्तच्या भाषेत सांगितले जाते, तर ‘मोसळे’ हा तमिळ ‘मुदलै’चा सगोत्र आहे.

वाक्प्रचारांतही स्तरभेद आहे. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण लोकजीवनातून आली. ‘नक्राश्रू’ हा मात्र इंग्रजी कल्पनेला संस्कृत शब्दांचा पेहराव चढवून घडविलेला शब्द होय.

सारांश, सांगलीच्या कृष्णाकाठी वावरणारा प्राणी एकच असला, तरी त्याची नावे निरनिराळ्या वाटांनी आलेली आहेत. पर्यायशब्द शिकविताना अध्यापकांनी या वाटाही दाखविल्या, तर व्युत्पत्ती हा पाठांतराचा विषय न राहता विचाराचा होईल.