झिरोएमक्यूचं ‘सेंड’ नेमकं काय करतं?

कॅमेरा एका कॉम्प्युटरवर आणि आलेख दुसऱ्यावर, अशी मांडणी करायची वेळ आली की लॅबमधलं कुणीतरी सांगतं, “झिरोएमक्यू वापर, दहा ओळींत होतं.” होतंही. माझी तक्रार त्या दहा ओळींतल्या ‘सेंड’ या एकाच शब्दाबद्दल आहे.

आधी श्रेय देऊ. साधा टीसीपी सॉकेट बाइटांचा प्रवाह देतो, त्याला मेसेज ही गोष्टच ठाऊक नसते. तुम्ही दोनदा पाठवलेलं पलीकडे एकदम पोचेल, किंवा एकदा पाठवलेलं तीन तुकड्यांत येईल. लांबी आधी पाठवा, तेवढे बाइट येईपर्यंत वाचत राहा, जोडणी तुटली तर पुन्हा जोडा, ही सगळी हमाली आपली. झिरोएमक्यू ती उचलते. मेसेज आला तर अख्खा येतो, नाहीतर येतच नाही. तुमचं ज्युपिटर नोटबुक कर्नलशी बोलतं तेही याच लायब्ररीतून.

गोची आहे ती ‘येतच नाही’ या भागात. ‘सेंड’ विनातक्रार परत आलं की आपण समजतो, मेसेज गेला. प्रत्यक्षात तो लायब्ररीच्या रांगेत लागलेला असतो, एवढंच. या रांगेची मर्यादा (हाय वॉटर मार्क) मुळात 1000 मेसेजेसची, पाठवणाऱ्याकडे वेगळी आणि घेणाऱ्याकडे वेगळी. आणि ती मेसेजेसमध्ये मोजतात, बाइटांत नाही! ‘पब’ सॉकेटची रांग भरली की तो नवे मेसेज टाकून देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही.

आता हिशोब करून बघा. माझा कॅमेरा सेकंदाला 20 फ्रेम पाठवत होता. ‘सब’च्या बाजूचा प्रोग्राम फ्रेम दाखवून फाईलमध्ये लिहीत होता, त्याला 15च झेपत होत्या. म्हणजे सेकंदाला 5 मागे पडणार आणि दोन्ही रांगा मिळून साधारण 2000 भरायला सहा-सात मिनिटं लागणार. मी चाचणी घेतली पाच मिनिटांची. सगळं चोख!

मग तासाभराचा रन. 72,000 फ्रेम हव्या होत्या, फाईलमध्ये 56 हजारांच्या आसपास होत्या. मी मोजल्याच नव्हत्या. पाण्यातल्या एका सूक्ष्म कणाच्या हालचालीवरून डिफ्यूजनचा गुणांक काढायचा होता, आणि फाईलमधल्या लागोपाठच्या दोन फ्रेम म्हणजे 1/20 सेकंद, असं मी धरून चालले होते. मधल्या फ्रेम गळाल्या की कण तेवढ्याच वेळात जास्त लांब गेलेला दिसतो. गुणांक स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्रापेक्षा बराच जास्त आला. दोन आठवडे मी तापमानावर संशय घेतला, मग कणाच्या व्यासावर.

हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, तेव्हा लपवाछपवीचा आरोप मी करणार नाही. शेअर बाजाराच्या भावांसाठी हा निर्णय समजण्यासारखाही आहे, ताजा भाव मिळाला की जुन्याचं काय करायचं? पण मोजमापाच्या नोंदीत जुनी नोंद नव्या नोंदीइतकीच मोलाची असते. अशा लायब्ररीने निदान गळालेल्या मेसेजेसचा एखादा आकडा सहज हाताशी द्यायला हवा होता. ‘सॉकेट’ हे ओळखीचं नाव ठेवून वागणूक बदलली, म्हणूनच माझ्यासारखे फसतात.

‘रेक-रेप’ जोडीचं दुखणं वेगळं आहे. उत्तर देणारा मध्येच बंद पडला की विचारणारा ताटकळत बसतो. पण तिथे निदान प्रोग्राम अडलेला डोळ्यांना दिसतो, त्यामुळे मला ते कमी घातक वाटतं.

माझ्या मांडणीत आता फाईल कॅमेऱ्याच्याच कॉम्प्युटरवर लिहिली जाते. ‘पब’वरून फक्त बघण्यापुरत्या फ्रेम जातात, त्या गळाल्या तर गळू देत. फाईल दुसरीकडेच लिहायची असेल तर ‘पुश-पुल’ घ्या. रांग भरली की ‘पुश’ टाकून देत नाही, थांबतो. कॅमेरा अडेल, पण तुम्हाला कळेल. (पलीकडचा प्रोग्राम कोसळला तर त्याच्या रांगेतले मेसेज मात्र इथेही जातात.) आणि प्रत्येक मेसेजमध्ये कॅमेऱ्याकडेच दिलेला अनुक्रमांक व वेळ घाला. त्या रनच्या फाईलमध्ये माझ्याकडे दोन्ही नव्हतं. कुठल्या फ्रेम गेल्या हे शोधता येईना, म्हणून नवा नमुना बनवून रन पुन्हा घेतला.