‘अपराजितो’च्या बाजूने

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागलं, की अहिल्याबाई घाटाला लागून मुन्शी घाट येतो. नागपूरच्या भोसले दरबारातले अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. चुनारच्या वालुकाश्मातला त्यांचा उंच वाडा आजही गंगेकडे तोंड करून उभा आहे. १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी तो वाडा आणि घाटाचा काही भाग विकत घेतला आणि तेवढ्या भागाला दरभंगा घाट हे नाव पडलं. सत्यजित राय या पट्ट्यात दोनदा कॅमेरा घेऊन आले. १९५६ साली ते ‘अपराजितो’साठी आले आणि दोन दशकांनंतर ‘जय बाबा फेलुनाथ’साठी. गुप्तहेर फेलूदाच्या त्या चित्रपटात दरभंगा घाट नावानिशी येतो.

रायांचा सर्वोत्तम चित्रपट कोणता, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांत, रसास्वाद शिबिरांच्या मधल्या सुट्टीत, महोत्सवाच्या रांगेत तो अनेकदा रंगला आहे. बहुतेक वेळा दोन पक्ष पडतात, एक ‘पथेर पांचाली’चा आणि दुसरा ‘चारुलता’चा. माझं मत तिसरं आहे. रायांच्या सगळ्या कामात ‘अपराजितो’ मला सर्वांत थोर वाटतो आणि त्याची कारणं या घाटांपासूनच सुरू होतात.

आधी दोन्ही रूढ पक्षांचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. ‘पथेर पांचाली’ (१९५५) हा भारतीय चित्रपटाला नवं वळण देणारा चित्रपट. कान महोत्सवात १९५६ साली त्याला मानवी दस्तऐवज म्हणून खास पुरस्कार मिळाला. ‘साइट अँड साउंड’च्या २०२२च्या जागतिक यादीत तो पस्तिसावा आहे आणि समीक्षकांच्या ‘फिप्रेस्की’ संघटनेच्या भारतीय शाखेने त्याच वर्षी केलेल्या यादीत पहिला. महाराष्ट्राशी त्याचं नातं आणखी जवळचं आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक सतीश बहादूर यांनी हा चित्रपट वर्षानुवर्षं एकेक शॉट सुटा करून शिकवला. चित्रपट वाचायचा कसा, हे आपल्याकडच्या अनेकांना तिथेच कळलं. त्यामुळे या चित्रपटाबद्दलच्या आपल्या प्रेमात पहिल्या गुरूबद्दलची कृतज्ञताही मिसळलेली आहे. ती योग्यच आहे, पण सर्वोत्तम ठरवताना ती बाजूला ठेवावी लागते. तशी ठेवली, की दिसतं ते एका प्रतिभावंताचं पहिलं, विलक्षण निर्मळ काम. त्यात गरिबी आहे, मृत्यू आहे, पण माणसांनी एकमेकांना दिलेल्या जखमांपर्यंत ते फारसं जात नाही. अपूच्या बहिणीचा, दुर्गाचा घास घेतो तो पाऊस आणि ताप.

‘चारुलता’चा (१९६४) पक्ष अधिक बळकट आहे. खुद्द रायांचा कौल या चित्रपटाला होता. पुन्हा करायचा झाला तर तो जसाच्या तसा करीन, असं ते सांगत. टागोरांच्या ‘नष्टनीड’वरच्या या चित्रपटाचा आरंभ आठवून पाहा. माधवी मुखर्जीची चारू दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जाते, रस्त्यावरची माणसं न्याहाळते. मग तीच दुर्बीण ती बाजूने निघून जाणाऱ्या नवऱ्यावर रोखते. संवाद जवळपास नाही आणि अख्खं लग्न उलगडलेलं असतं. बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलेलं ते घर, त्यातला कागद-पडद्यांचा तपशील, शेवटी थिजून राहिलेले दोन हात, यांत बोट ठेवायला जागा नाही. पण या निर्दोषपणाला एक मर्यादा आहे. त्या घरात काहीही दिग्दर्शकाच्या परवानगीशिवाय घडत नाही. प्रत्येक वस्तू अर्थ घेऊन आलेली आहे. आयुष्य असं वागत नाही. ते मध्येच घुसतं, क्रम मोडतं, नको तिथे थांबतं. हे मोडणं ज्याने आपल्या रचनेत घेतलं, तो चित्रपट म्हणजे ‘अपराजितो’.

आणखी दावेदार आहेतच. ‘जलसाघर’ आहे, ‘महानगर’ आहे, ‘अरण्येर दिनरात्री’ आहे. मराठी प्रेक्षकाने ‘सद्गती’चं (१९८१) नाव तर घ्यायलाच हवं. काशीजवळच्या लमहीत जन्मलेल्या प्रेमचंदांची ती कथा. दूरदर्शनसाठी केलेल्या, तासाभरापेक्षाही छोट्या या चित्रपटात ओम पुरींचा दुखी, स्मिता पाटीलची झुरिया आणि मोहन आगाशेंचा पंडित घासीराम आहे. आगाशेंचा पंडित शेवटी प्रेताच्या पायाला दोरी बांधून ते ओढत नेतो. जातीच्या क्रौर्यावर इतकं थेट बोट आपल्या पडद्यावर फार क्वचित ठेवलं गेलं आहे. रागाच्या कसोटीवर ‘सद्गती’ रायांचा पहिल्या क्रमांकाचा चित्रपट ठरेल. पण तो एकाच दिवसाचा आणि एकाच घावाचा आहे. ‘अपराजितो’चा पल्ला त्याहून मोठा.

आता ‘अपराजितो’कडे येऊ. काळ १९२०च्या सुमाराचा. हरिहर बायको सर्वजया आणि मुलगा अपू यांना घेऊन काशीत आला आहे आणि घाटावर छत्रीखाली बसून पोथी सांगतो. श्रोते बहुतेक विधवा बायका. मराठी वाचकाला हा माणूस ओळखायला वेळ लागू नये. पुराण सांगून पोट भरणारे, दक्षिणेवर महिना ढकलणारे असे कितीतरी पुराणिकबुवा आपल्या घराण्यांत होऊन गेले. त्यांतले काही याच काशीत, ब्रह्मा घाटाच्या आणि दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत राहिले. काशीवर चित्रपट काढणाऱ्याला मोह होतो तो मोक्षाचा. रायांनी काशी पाहिली ती घरखर्चाच्या बाजूने. घाट हे हरिहरचं कामाचं ठिकाण आहे, अपूचं खेळायचं आणि सर्वजयाचं पाणी आणायचं. पवित्र नदीपेक्षा पायऱ्यांची चढण त्यांत जास्त जाणवते. तापलेल्या अंगाने हरिहर त्याच पायऱ्या चढताना कोसळतो.

त्याच्या मृत्यूचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. पहाटे तो गंगाजल मागतो. सर्वजया अपूला लोटा देऊन पिटाळते. मुलगा घाटावर पोहोचतो, तर तिथे एक पहिलवान गदा फिरवत असतो. अपू थबकतो आणि त्याच्याकडे पाहत राहतो. बाप शेवटचे श्वास मोजत असताना मुलाचं लक्ष व्यायामाकडे जातं आणि दिग्दर्शक त्याला दटावत नाही. मग अपू धावत परततो, पाणी बापाच्या तोंडात जातं, मान कलते. त्याच क्षणी पडदाभर कबुतरांचा थवा उसळतो. रविशंकरांचं संगीत त्या उड्डाणाबरोबर उठतं. इथे मृत्यूला सूचक प्रतिमा मिळाली, एवढंच म्हणणं अपुरं आहे. कबुतरं रोजच्यासारखीच उडतात आणि काशीची सकाळ रोजच्यासारखीच सुरू होते. शहराला हरिहर गेल्याचं कळलेलंही नाही. दुःख आणि दुःखाबद्दलची जगाची बेपर्वाई एकाच कटमध्ये येतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. काशीच्या जुन्या घरांत उजेड येतो तो मधल्या चौकात वरून झिरपत, सावली न पाडता. हरिहरचं घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारावं लागलं, कारण उघड्यावर सेट बांधला तर पावसात सापडण्याची भीती होती. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचं म्हणणं होतं, की स्टुडिओत असा उजेड तयार होणार नाही. मग त्यांनीच सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्याच्यावर मारले आणि परतलेला मऊ उजेड खाली उतरू दिला. हे तंत्र पुढे जगभर रुळलं. घाटावर खरं ऊन आणि घरात हा बनवलेला उजेड, पण पाहणाऱ्याला सांधा सापडत नाही. एका शहराच्या उजेडाशी प्रामाणिक राहायचं म्हणून तंत्रच नव्याने घडवलं गेलं, अशी उदाहरणं आपल्या चित्रपटात थोडी आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती आई आणि मुलाची. नवरा गेल्यावर सर्वजया एका सधन घरी स्वयंपाकाला राहते. जिन्यावरून तिला दिसतं, की आपला मुलगा मालकांसाठी तंबाखू घेऊन चालला आहे. करुणा बॅनर्जींचा चेहरा काही क्षण स्थिर राहतो. कोणी काही बोलत नाही. पुढे थेट आगगाडी येते आणि मायलेक काशी सोडून निघालेले असतात. पोराने कुणाचा चाकर व्हायचं नाही, हा निर्णय आपल्याला शब्दांशिवाय कळतो. पण याच निर्णयातून पुढचं दुःख जन्मतं. मुलगा शाळेत चमकतो, शिष्यवृत्ती मिळवतो, कोलकात्याला जातो आणि आईपासून सुटत जातो. ती आजार लपवते, तो सुट्टीत यायचं टाळतो. अखेर अंधाऱ्या संध्याकाळी झाडाखाली बसलेल्या तिला अपूची हाक ऐकल्याचा भास होतो. ती उठून पाहते, तर तळ्याकाठी फक्त काजवे चमकत असतात.

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीत आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर अपूला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. रायांना तिथेच चित्रपट दिसला. आईला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या समाजात हे पडद्यावर आणायला धैर्य लागतं. बंगालमध्ये चित्रपट चालला नाही. पण १९५७ साली व्हेनिसमध्ये त्याने सुवर्णसिंह मिळवला आणि रायांचे समकालीन मृणाल सेन व ऋत्विक घटक या दोघांनीही त्याला ‘पथेर पांचाली’च्या वर ठेवलं. मराठी माणसाला तर हे दुःख घरचं आहे. गावाकडून पुण्या-मुंबईला शिकायला आलेली, मनिऑर्डरीवर वाढलेली आणि पुढे पत्र लिहायचं टाळलेली किती मुलं आपल्यात आहेत! त्यांना गुन्हेगार न ठरवता आणि आईलाही बिचारी न करता ही गोष्ट सांगणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. चित्रपटाचा सुरुवातीचा एक तृतीयांश भाग विखुरलेला आहे, असं म्हणतात. तो विखुरलेला आहे, कारण तो दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेने फिरतो. गल्ली, माकडं, नदी, पहिलवान यांना मुलाच्या लेखी क्रम नसतो. दुसरा आक्षेप खरा आहे. कादंबरीतली अपूची मैत्रीण लीला चित्रपटात नाही, त्यामुळे अपूला शहराची एवढी ओढ का, याचं उत्तर एका बाजूने उघडं राहतं. ही उणीव मान्य करूनही माझं मत बदलत नाही. ‘चारुलता’त असा दोष सापडत नाही, पण असा धोकाही तिने पत्करलेला नाही.

‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७९) इथे तुलनेला उपयोगी पडतो. शहर तेच, घाटही तेच. सौमित्र चॅटर्जींचा फेलूदा आहे, उत्पल दत्तांचा मगनलाल मेघराज आहे आणि श्रद्धेच्या आडून चालणारी लबाडी आहे. अशोक जैनांच्या मराठी अनुवादांतून फेलूदाशी दोस्ती झालेल्या मुलांनी तो जरूर पाहावा. पण तिथे घाट रहस्याचा रंगमंच होतो. ‘अपराजितो’त तो जगण्याचा भाग होता. एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत एकाच जागेला मिळालेली ही दोन वजनं पाहिली, की निवाडा सोपा होतो.

आजच्या चित्रपटाची स्थितीही याच कसोटीवर तपासावी. काशीत चित्रीकरण पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलं आहे. वादही झाले. दीपा मेहतांच्या ‘वॉटर’चा सेट २००० साली इथे मोडला गेला आणि तो चित्रपट श्रीलंकेत पूर्ण करावा लागला. बहुतेकांना काशीकडून हवी असते ती आरती, दिवे आणि वरून फिरणारा ड्रोन. या गर्दीत नीरज घायवान यांचा ‘मसान’ (२०१५) आणि शुभाशीष भूतियानी यांचा ‘मुक्ति भवन’ (२०१६) वेगळे ठरतात. पहिल्यात चिता रचणं हा एका जातीच्या माथी मारलेला रोजगार आहे. दुसऱ्यात मरायला आलेल्या बापापायी मुलाची नोकरी अडते. मृत्यूच्या शहरात पोटापाण्याचा प्रश्न विचारणारे हे दोन्ही चित्रपट ‘अपराजितो’च्या वंशातले आहेत. वाट रुंद झालेली नाही, पण बंदही पडलेली नाही.

समीक्षेत मात्र एक सवय बदलायला हवी. आपण ‘अपू चित्रत्रयी’ असं एका दमात म्हणतो आणि मधला चित्रपट पहिल्या व तिसऱ्याच्या मधला पूल समजून ओलांडतो. याद्यांत ‘पथेर पांचाली’ येतो, प्रेमकथा म्हणून ‘अपूर संसार’ आठवतो आणि ‘अपराजितो’ राहून जातो. १९९३ साली लंडनमधल्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. उरलेल्या भागांवर आणि इतर प्रतींवर बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि २०१५मध्ये नव्या ४के प्रती बाहेर आल्या. काशीचा तो उजेड आज आपल्या आधीच्या दोन पिढ्यांना दिसला नसेल इतका स्वच्छ दिसतो.

म्हणून चित्रपट मंडळांना आणि महाविद्यालयांतल्या फिल्म क्लबांना माझी विनंती आहे. या वर्षी राय दाखवणार असाल तर ‘अपराजितो’ एकटा दाखवा, मोठ्या पडद्यावर दाखवा आणि नंतर तासभर चर्चा ठेवा. ज्यांना ‘चारुलता’ श्रेष्ठ वाटते त्यांनी तिथे येऊन बाजू मांडावी. माझा कौल ‘अपराजितो’ला आहे आणि तो पुन्हा पाहिल्यावर तुमच्यातल्या अनेकांचा असेल, अशी माझी खात्री आहे.